मोटर यॉट : मांडणी व साहित्य

मोटर यॉट : (यांत्रिक विलासनौका). शिडांवर नव्हे, तर मुख्यत्वे एंजिनाच्या शक्तीवर चालणारी आणि व्यापार, मासेमारी वा लष्करी कामासाठी नसून मालकाच्या जलविहारासाठी बांधलेली नौका. ‘यॉट’ हा शब्द डच भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी शिकार किंवा पाठलाग हा अर्थ आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत नेदर्लंड्सच्या उथळ किनाऱ्यावर पाठलागासाठी वापरीत असलेल्या हलक्या, वेगवान गलबतांना हे नाव होते. १६६० मध्ये ॲम्स्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला ‘मेरी’ नावाची अशी एक नौका भेट दिली. तेव्हापासून हा शब्द इंग्रजीत रूढ झाला आणि त्याला राजविलासाचा अर्थ चिकटला. ‘मेरी’ १६७५ मध्ये वेल्समधील अँगल्सी बेटाजवळच्या खडकांवर आदळून बुडाली. सर्वसाधारणपणे २४ मी. व त्याहून अधिक लांबीच्या नौकांना मोठ्या यॉट असे म्हणतात व त्यांना स्वतंत्र सुरक्षा-नियम लागू होतात. प्रस्तुत नोंदीत अशा नव्या यॉटची अंतर्गत मांडणी व तीत वापरावयाचे साहित्य मालकाच्या इच्छेनुसार कसे ठरविले जाते आणि त्या इच्छेला कोणत्या मर्यादा पडतात, यांचा विचार केला आहे.

बांधणीचे प्रकार : मालकाला किती स्वातंत्र्य मिळते यावरून यॉटच्या बांधणीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात कारखाना एकाच साच्यातून अनेक नौका काढतो. ग्राहकाने कापड, लाकडाचा रंग, उपकरणे एवढेच निवडावयाचे असते. दुसऱ्यात नौकेचे कवच, एंजिने व मुख्य आडभिंती ठरलेल्या असतात. त्यांच्या आतील खोल्यांची मांडणी व सजावट मात्र ग्राहकाच्या पसंतीने होते. तिसऱ्या प्रकारात कोऱ्या कागदापासून सुरुवात होते व कवचाचा आकारही मालकाच्या गरजेवरून ठरतो. मोठ्या नौकेच्या बाबतीत पहिल्या रेखाटनापासून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात. या व्यवसायात नेदर्लंड्स, जर्मनी व इटली हे देश अग्रेसर आहेत. इटलीतील बेनेत्ती (स्थापना १८७३), जर्मनीतील ल्युर्सेन (१८७५) आणि डच कारखान्यांनी निर्यातीसाठी १९४९ मध्ये स्थापन केलेला फेडशिप हा संघ ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत.

मालक, यॉटचा बाह्याकार व अंतर्भाग रेखाटणारा अभिकल्पक, नौकाशास्त्रज्ञ (नेव्हल आर्किटेक्ट), कारखाना आणि वर्गीकरण संस्था असे पाच पक्ष या कामात असतात. त्यांपैकी पहिल्या दोघांचे लक्ष दिसण्याकडे, तर उरलेल्या तिघांचे तरण्याकडे असते, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

मालकाची आवड : अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गन यांची ‘कॉर्सेअर’ ही वाफेवरची यॉट स्पेनबरोबरच्या १८९८ च्या युद्धासाठी अमेरिकन नौदलाने घेतली. तेव्हा त्यांनी नवी, अधिक मोठी ‘कॉर्सेअर’ बांधविली. परंतु आतील सर्व काही जुन्यासारखेच हवे असा त्यांचा हट्ट होता. जुन्या गालिच्यांचे नमुने बाजारातून नाहीसे झाले होते, म्हणून ते पुन्हा मागावर चढवून गालिचे मुद्दाम विणून घेण्यात आले. यॉटच्या मागणीत नावीन्याइतकाच सवयीचाही वाटा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ब्रिटिश राजघराण्याच्या ‘ब्रिटानिया’ची (जलावतरण १९५३, स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे) गोष्ट याच्या उलट आहे. तिच्या दालनांचे पहिले आराखडे दुसरी एलिझाबेथ राणी व राजपुत्र फिलिप यांना फार भपकेबाज वाटले व ते काम वास्तुशिल्पज्ञ ह्यू कॅसन यांच्याकडे सोपविण्यात आले. कॅसन यांनी फिकट भिंती, साधे फर्निचर व मोजकी सोनेरी किनार यांवर भागविले. काही सामान तर आधीच्या राजनौकेवरूनच आणले होते. महायुद्धानंतरच्या काटकसरीच्या काळात हा साधेपणा राजकीय दृष्ट्याही शहाणपणाचा ठरला. याच सुमारास, १९५४ मध्ये, ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनॅसिस यांनी कॅनडाच्या नौदलाची युद्धकाळातील ‘स्टॉर्मंट’ ही फ्रिगेट जर्मनीतील कील येथे यॉटमध्ये रूपांतरित करून घेतली व तिला आपल्या मुलीचे ‘क्रिस्तिना’ हे नाव दिले. तिच्यावरील पोहण्याच्या हौदाचा चित्रखचित तळ वर उचलून डेकच्या पातळीला आणला की, त्याची नृत्यभूमी होत असे. वापरात नसलेल्या हौदाची जागा अशी पुन्हा उपयोगात आणण्याची ही कल्पना पुढे अनेकांनी उचलली.

१९८० मध्ये बेनेत्ती कारखान्याने शस्त्रव्यापारी अदनान खशोगी यांच्यासाठी ८६ मी. लांबीची ‘नबिला’ बांधली. तिचे बाह्यरूप जॉन बॅननबर्ग (१९२९–२००२) या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अभिकल्पकाचे होते. तोपर्यंत यॉटचा आकार नौकाशास्त्रज्ञाने ठरवावा व सजावटकाराने आतील खोल्या भराव्यात अशी रीत होती. बाहेरील रेषा व आतील अवकाश यांचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र अभिकल्पक ही भूमिका रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः बॅननबर्ग यांना देतात. कारखान्याला मात्र हे काम झेपले नाही. तो आर्थिक अडचणीत सापडला आणि १९८५ मध्ये आझिमुट या कंपनीने तो विकत घेतला.

मांडणी : मोटर यॉटच्या मांडणीचा सांगाडा बऱ्याच अंशी ठरीव आहे. सर्वांत खालच्या डेकवर एंजिनघर, इंधन व पाण्याच्या टाक्या, पाहुण्यांच्या खोल्या आणि नाळेकडील (पुढील टोकाकडील) अरुंद भागात खलाशांची निवासस्थाने असतात. मुख्य डेकवर दिवाणखाना, भोजनगृह व स्वयंपाकघर असून त्यापुढे मालकाची खोली नौकेच्या पूर्ण रुंदीभर पसरलेली असते. त्यावर सुकाणूघर व दुसरी बैठक आणि सर्वांत वर उन्हाची गच्ची. पिछाडीचा दरवाजा खाली उघडून पाण्यालगत बसण्याची जागा करण्याची पद्धत अलीकडच्या दशकांत सार्वत्रिक झाली आहे. पूर्वी तेथे छोट्या होड्या ठेवीत.

पाहुण्यांच्या खोल्या बहुधा पाच किंवा सहा असतात. त्याला केवळ हौस कारणीभूत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ पेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज प्रवासी जहाज ठरते व त्याला अतिशय कडक नियम लागतात. म्हणून बहुतेक यॉट १२ पाहुण्यांवर थांबतात. १३ ते ३६ प्रवाशांच्या यॉटसाठी ब्रिटिश ध्वजाखालील नोंदणीसंस्थांनी २०१० मध्ये वेगळी संहिता केली. परंतु तिचा मार्ग खर्चिक असल्याने थोड्याच मालकांनी तो पत्करला आहे.

नवख्या मालकाच्या आराखड्यात हमखास विसरला जाणारा भाग म्हणजे खलाशी व त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा. ५० मी.च्या यॉटवर १२ पाहुण्यांमागे जवळजवळ तितकेच कर्मचारी असतात. त्यांना स्वयंपाकघरातून भोजनगृहात, धुलाईघरातून खोल्यांत पाहुण्यांच्या वाटेत न येता जाता आले पाहिजे. त्यासाठी वेगळा जिना, ताटे वर नेणारा लहान पाळणा व अरुंद बोळ ठेवावे लागतात आणि ती जागा दिवाणखान्यातूनच कापली जाते. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंमलात आलेल्या सागरी श्रम करारामुळे (२००६) भाड्याने दिल्या जाणाऱ्या नव्या यॉटवर खलाशांच्या खोल्यांचे आकारमान व सोयी यांना किमान मर्यादा आली. तेव्हा त्याविरुद्ध बरीच तक्रार झाली. तथापि, महिनोन्महिने त्याच नौकेवर राहणाऱ्या माणसाला नीट झोपता यावे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

मांडणीवरील दुसरे बंधन सकल टनभाराचे आहे. नाव टनभार असले, तरी हे वजनाचे माप नसून बंदिस्त आकारमानाचे आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नौकेतील सर्व बंदिस्त जागेचे घनमीटरमधील आकारमान एका गुणकाने गुणून ते काढतात. हा गुणक आकारमानानुसार हळूहळू वाढतो. ५०० टनभाराला आंतरराष्ट्रीय जलप्रवासाचे पुष्कळ अधिक नियम लागू होतात. म्हणून शेकडो यॉट ४९९ वर नेमक्या थांबविलेल्या आढळतात. ही सीमा सु. १,८८० घ. मी. बंदिस्त जागेशी येते. समजा, मालकाला वरच्या उघड्या डेकचा ४० चौ. मी. भाग काचेने बंद करून हवा आहे. २·२ मी. उंची धरल्यास त्यामुळे ८८ घ. मी. जागा वाढते व टनभारात सु. २४ ची भर पडते. जी नौका आधीच ४८० वर आहे, ती या एका काचेच्या खोलीने सीमा ओलांडते. मग दुसरीकडे तितकी जागा उघडी ठेवणे किंवा संपूर्ण नौकेची अग्निरक्षणव्यवस्था नव्याने आखणे एवढेच पर्याय उरतात.

वजन व स्थैर्य : घराच्या सजावटीत संगमरवर बसवावयाचा की लाकूड, हा रुचीचा व पैशाचा प्रश्न असतो, नौकेवर तो स्थैर्याचा होतो. तरंगणारी नौका किंचित कलली की, पाण्याचा उत्प्लावक दाब तिला सरळ करू पाहतो. हा सावरण्याचा जोर तिचा गुरुत्वमध्य किती खाली आहे यावर अवलंबून असतो. गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर हा त्यावरील काल्पनिक बिंदू यांतील अंतरास मेटासेंटरी उंची म्हणतात. ती अनेकदा मीटरभराच्या आसपास असते. नियमांनी घालून दिलेली किमान मर्यादा ०·१५ मी. आहे. उंचावर ठेवलेले प्रत्येक वजन गुरुत्वमध्य वर सरकवून हे अंतर कमी करते.

उदाहरणार्थ, ४५० टन वजनाच्या यॉटच्या वरच्या डेकवर ६० चौ. मी. जागेत २० मिमी. जाडीच्या संगमरवरी फरश्या घालावयाच्या आहेत. संगमरवराचे वजन दर घ. मी.ला सु. २,७०० किग्रॅ. म्हणजे दर चौ. मी. फरशीस ५४ किग्रॅ. असते. एकूण वजन ३·२४ टन झाले. ही जागा नौकेच्या गुरुत्वमध्याच्या ५ मी. वर असेल, तर गुरुत्वमध्य सु. ३·६ सेंमी. वर सरकतो. एवढ्याने नौका उलटत नाही. परंतु वरच्या डेकवरील उष्ण पाण्याचा हौद, जाड काचा, स्वयंपाकाचा दगडी ओटा, मोठी होडी व तिची यारी हे सारे अशाच तीन-तीन, चार-चार सेंटिमीटरांनी येते आणि शेवटी बेरीज होते. हौदाचा दोष दुहेरी असतो. नौका कलताच त्यातील पाणी खालच्या बाजूला धावते व कल वाढविते. हा परिणाम हौदाच्या आडव्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असल्याने रुंदी दुप्पट केल्यास तो आठपट होतो. म्हणून मोठे हौद त्वरेने रिकामे करण्याची सोय ठेवतात.

या विषयातील सर्वांत बोधक घटना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. व्हिक्टोरिया राणीसाठी वेल्समधील पेंब्रोक डॉक येथे बांधलेल्या ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या तिसऱ्या राजनौकेचे जलावतरण मे १८९९ मध्ये झाले. जानेवारी १९०० मध्ये तिला गोदीतून बाहेर काढण्यासाठी पाणी आत सोडले असता ती धोकादायकपणे एका बाजूला कलली. आराखड्यात न धरलेली सजावट, सामान व इतर भर यांमुळे ती अपेक्षेपेक्षा बरीच जड झाली होती व ते वजन वरच्या भागात होते. चौकशी झाली आणि नौदलाच्या बांधणीखात्याचे प्रमुख सर विल्यम व्हाइट यांच्यावर ठपका आला. अनेक युद्धनौकांचे अभिकल्प करणारा हा नामांकित नौकाशास्त्रज्ञ प्रकृती खालावून १९०२ मध्ये सेवेतून बाहेर पडला. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली. तिने या नौकेतून कधीच प्रवास केला नाही. वजने घटवून व हलवून नौका दुरुस्त करण्यात आली व पुढे अनेक वर्षे वापरात राहिली.

आज प्रत्येक चांगला कारखाना खिळ्यापासून झुंबरापर्यंत सर्व वस्तूंच्या वजनाची व त्यांच्या उंचीची चालू नोंद ठेवतो आणि नौका पूर्ण झाल्यावर ज्ञात वजने आडवी हलवून कलण्याची चाचणी घेऊन तो हिशेब पडताळतो. तरीही प्रश्न संपलेला नाही. १९ ऑगस्ट २०२४ रोजी सिसिलीतील पोर्तिचेल्लोजवळ नांगरलेली ‘बेझियन’ ही ५६ मी. लांबीची यॉट वादळी वाऱ्यात बुडून सात जण मृत्यू पावले. ती शिडाची नौका होती. तिच्या मालिकेतील इतर नौकांना दोन डोलकाठ्या असताना हिला सु. ७२ मी. उंचीची एकच होती. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण विभागाने २०२५ मधील अंतरिम अहवालात असे नमूद केले की, एंजिनावर चालताना, शिडे उतरविलेली व मधला कणा वर घेतलेला असता जोराच्या वाऱ्याने उलटण्याचा जो धोका होता, तो नौकेवरील स्थैर्यपुस्तिकेत दाखविलेला नव्हता. आपली नौका कोणत्या स्थितीत किती सावरू शकते, हे मालकाला व कप्तानाला ठाऊक असणे किती आवश्यक आहे, ते यावरून दिसते.

साहित्य : २०–४० मी.च्या यॉटची कवचे बहुधा काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकची असतात. त्याहून मोठ्या नौकांत कवच पोलादाचे व वरची बांधणी ॲल्युमिनियमची असते. पोलादाची घनता ७,८५० व ॲल्युमिनियमची २,७०० किग्रॅ. प्रती घ. मी. असल्याने वरचा भार हलका राहतो. मात्र हे दोन धातू खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात एकमेकांना भिडल्यास विद्युत्-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दोहोंच्या मध्ये स्फोटाच्या दाबाने जोडलेली द्विधातू पट्टी घालून वितळजोड करतात. पितळी दांडा किंवा पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमवर थेट बसविण्याचा आग्रह सजावटकाराने धरला, तर काही वर्षांत रंगाखाली फोड दिसू लागतात.

आतील दगड व लाकूड हे बहुतेक ठिकाणी केवळ पापुद्रे असतात. संगमरवराचा ५ मिमी. जाडीचा काप मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ ॲल्युमिनियम पत्र्यावर चिकटविला की, वर सांगितलेल्या फरशीचे वजन सु. एक-तृतीयांश होते व लाटांच्या हेलकाव्याने दगड तडकण्याची भीतीही कमी होते. कपाटे व भिंती हलक्या फळ्यांवर अर्धा-एक मिमी. जाडीचे लाकडी पापुद्रे लावून करतात. एकाच ओंडक्याचे पापुद्रे क्रमाने लावल्यास सबंध दालनात रेषा अखंड जुळतात, म्हणून संपूर्ण नौकेला पुरेल इतके लाकूड एकदमच राखून ठेवावे लागते. पुढे एक दार फुटले, तर त्याची जोडी मिळत नाही. आतील भिंती कवचाला थेट न जोडता रबरी आधारांवर तोलतात, कारण एंजिनाची कंपने धातूतून पलंगापर्यंत पोहोचतात.

अग्निसुरक्षा हा साहित्याच्या निवडीतील सर्वांत अप्रिय विषय आहे. समुद्रावर आग विझविण्यास बाहेरचे कोणी येत नाही, आणि ॲल्युमिनियम सु. ६६०° से. तापमानाला वितळते, त्याचे बल तर त्याच्या कितीतरी आधी जाते. त्यामुळे ठराविक आडभिंती अग्निरोधक आवरणाने झाकणे व पडदे, गाद्यांतील फेस, चामडे, रोगण ही सर्व ज्वाला मंद पसरविणारी असल्याचे चाचणीने सिद्ध करणे मोठ्या यॉटला आवश्यक असते. हौसेने आणलेले रेशीम अनेकदा या चाचणीत नापास होते.

साग : डेकसाठी सागाला (टेक्टोना ग्रँडिस) अजून तोड सापडलेली नाही. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते खाऱ्या पाण्यात कुजत नाही, ओले झाले तरी पायाखाली फारसे घसरत नाही, आणि त्याचा आकार हवामानाने थोडाच बदलतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागातून बांधलेली जहाजे याची साक्ष आहेत. त्यांपैकी १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगती आहे. त्या काळी सागाचे जाड तक्ते हेच जहाजाचे अंग होते. आधुनिक यॉटवर धातूच्या डेकवर १०–२० मिमी. जाडीच्या पट्ट्या चिकटवून त्यांमधील फटी काळ्या रबरी लुकणाने भरतात.

यॉटच्या कारखान्यांना म्यानमारच्या नैसर्गिक जंगलातील साग सर्वांत पसंत आहे, कारण सावकाश वाढलेल्या झाडाचे लाकूड सरळ रेषांचे व एकरंगी असते. नेमके हेच लाकूड आता कायद्याच्या कचाट्यात सापडले आहे. यूरोपीय संघाने २०१३ पासून बेकायदा तोडीचे लाकूड बाजारात आणण्यास बंदी घातली. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी लाकूड-महामंडळावर यूरोपीय संघाने निर्बंध लादले. २०२४ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने एका यॉट-कारखान्याला लाकडाच्या मूळ स्थानाची योग्य पडताळणी न केल्याबद्दल २,४०,००० पौंड दंड केला. आयातीतील त्या लाकडात म्यानमारचा सागही होता. आतील सजावटीच्या लाकडांचीही तीच अवस्था आहे. ब्राझीलचा शिसम १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारास जवळजवळ पूर्ण बंद आहे व २०१७ पासून शिसमाच्या सर्व जाती नियंत्रित यादीत आल्या. अशा लाकडाची कागदपत्रे नसल्यास नौका परक्या बंदरात अडचणीत येऊ शकते. म्हणून लागवडीचा साग, उष्णतेने प्रक्रिया केलेली लाकडे, बुचाचे तक्ते व कृत्रिम रेझिनची आच्छादने यांचा वापर वाढत आहे. यांतील काही उन्हात फार तापतात आणि सावलीच्या डेकपुरतीच सोयीची ठरतात.

फेरबदल : कोणता निर्णय केव्हा घ्यावा, याचा क्रम बांधणीच्या गतीने ठरतो. कवचाची रुंदी, एंजिने, जिने व मोठ्या खिडक्या पोलाद कापण्यापूर्वी पक्क्या व्हाव्या लागतात. भिंतींच्या जागा नळ व विजेच्या तारा टाकण्यापूर्वी, दगड व लाकूड सुतारकामाच्या आधी बरेच महिने, तर कापड व दिवे सर्वांत शेवटी ठरविले तरी चालते. त्यानंतरचा प्रत्येक बदल लेखी हुकुमाने होतो. त्यात किंमत, विलंबाचे दिवस आणि वजनातील फरक ही तिन्ही नोंदविणे इष्ट असते. पहिली दोन मालक बारकाईने वाचतो. तिसरे वाचण्याचे काम नौकाशास्त्रज्ञाचे असते व त्याला तेथे नकार देण्याचा अधिकार करारातच मिळालेला असावा.

एका मालकाच्या मापाने शिवलेली नौका दुसऱ्याला क्वचितच तशीच बसते. ‘नबिला’ ब्रूनाईच्या सुलतानामार्फत डॉनल्ड ट्रम्प यांच्याकडे जाऊन ‘ट्रम्प प्रिन्सेस’ झाली व १९९१ मध्ये सौदी राजपुत्र अल्-वलीद बिन तलाल यांनी ती घेऊन ‘किंग्डम ५ केआर’ हे नाव दिले. विक्रीनंतरच्या पुनर्रचनेत सहसा सजावट, उपकरणे व पिछाडीची जागा बदलतात. आडभिंती, जिने आणि टाक्या पहिल्या मालकाच्या निर्णयानुसारच राहतात.